गणिताचा नकाशा कोणी काढायचा?

जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या 'बोलक्या भिंती' आता कोणाला नव्या राहिलेल्या नाहीत. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला. सातारा जिल्ह्यातले कुमठे बीट पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले आणि ज्ञानरचनावाद हा शब्द केंद्राच्या शिक्षण परिषदांतून थेट पाड्यावरच्या शाळेपर्यंत पोचला. वर्गाच्या फरशीवर तेलरंगात संख्यारेषा, शंभराचा तक्ता, दशक-एककाची घरे उमटली. मधोमध एक संख्या आणि तिच्याभोवती फुटलेल्या फांद्या असे चित्रही त्याच लाटेत गणिताच्या तासाला आले. भाषेच्या तासाला त्याला शब्दजाळे म्हणत होतेच. गणितात कोणी त्याला संकल्पनाचित्र म्हणतात, कोणी सरळ माइंड मॅप.

या चित्राने पहिली ते पाचवीच्या मुलाला गणित येते का, हा प्रश्न ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडसारख्या भागात नीट विचारला पाहिजे. इथल्या पाड्यांवर दोन शिक्षकांच्या शाळा जागोजागी आहेत. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली घरांतली मुले घरी एक बोली बोलतात आणि पुस्तकात दुसरी भाषा वाचतात. दिवाळीनंतर काही बाके रिकामी होतात, कारण आईबाप वीटभट्टीवर गेलेले असतात. अशा वर्गात शिक्षकाची वीस मिनिटे फार मोलाची असतात. ती एखाद्या चित्रावर खर्च करायची, तर त्याने काय साधते आणि काय साधत नाही हे आधी ठाऊक हवे.

या चित्राची दोन घराणी आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. पहिले इंग्रज लेखक टोनी बुझान यांचे. १९७४ मध्ये बीबीसीवरच्या त्यांच्या मालिकेतून आणि पुस्तकातून माइंड मॅप जगभर पोचला. मध्यभागी विषय, तिथून निघणाऱ्या रंगीत फांद्या, फांदीवर एकच शब्द. उद्देश टिपणे काढण्याचा आणि लक्षात ठेवण्याचा. दुसरे घराणे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या जोसेफ नोव्हाक यांचे. पहिली-दुसरीच्या मुलांना विज्ञानाचे पाठ देऊन, त्याच मुलांच्या मुलाखती पुढची बारा वर्षे घेत राहायचे, असा त्यांचा अभ्यास होता. मुलाखतींच्या कागदांचा ढीग वाढत गेला आणि मुलाच्या डोक्यात कोणती कल्पना कोणत्या कल्पनेला जोडलेली आहे हे त्या ढिगातून हाती लागेना. तेव्हा १९७२ च्या सुमारास नोव्हाक यांच्या गटाने मुलाचे बोलणे कल्पना आणि बाण यांच्या रूपात मांडायला घेतले. तोच संकल्पना-नकाशा. त्याच्या बाणांवर शब्द असतात आणि दोन कल्पना व मधला बाण मिळून एक पूर्ण विधान होते. त्यामागे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार आहे: मुलाला आधी काय येते ते शोधा आणि शिकवणे तिथून सुरू करा.

म्हणजे दुसऱ्या घराण्याचा नकाशा जन्मला तो मुलाचे मन मोठ्या माणसाला दिसावे म्हणून. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी झाले ते उलटे. मोठ्या माणसाचे मन मुलाला दिसावे म्हणून नकाशा भिंतीवर रंगवला गेला. रंगवणाऱ्या शिक्षकांची मेहनत मला मोलाची वाटते. कित्येकांनी पदरचे पैसे घालून, सुट्टीच्या दिवशी रंगकाम केले आहे. पण रंगवलेला नकाशा मुलाला त्या दिवशी काय कळले आहे हे सांगू शकत नाही, आणि दोन आठवड्यांनंतर मुले त्याच्याकडे पाहीनाशी होतात.

संशोधन काय म्हणते? जॉन नेसबिट आणि ओलुसोला अडेसोपे यांनी २००६ मध्ये संकल्पना-नकाशांवरचे ५५ अभ्यास एकत्र करून तपासले. चौथीच्या मुलांपासून महाविद्यालयापर्यंतचे सुमारे ५,८०० विद्यार्थी त्यांत होते. नुसते वाचणे, यादी करणे, व्याख्यान ऐकणे यांपेक्षा नकाशाने शिकणे सरस ठरले. त्याच गटाने २०१८ मध्ये १४२ तुलनांचा नवा आढावा घेतला, तेव्हा आणखी एक गोष्ट ठळक झाली: स्वतः नकाशा काढण्याचा फायदा दुसऱ्याने काढलेला अभ्यासण्यापेक्षा बराच जास्त आहे. मात्र यातले बहुतेक अभ्यास विज्ञानासारख्या वाचून शिकण्याच्या विषयांतले आणि मोठ्या मुलांवरचे आहेत. सात वर्षांच्या मुलाच्या वजाबाकीला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

दुसरा अभ्यास प्रत्येक उत्साही शिक्षकाने वाचावा असा आहे. जेफ्री कारपिकी आणि जेनेल ब्लंट यांनी २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात दाखवले, की पुस्तक समोर ठेवून नकाशा काढणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवेल ते लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले. शेवटची परीक्षा नकाशा काढण्याचीच घेतली, तरीही आठवून लिहिणारेच पुढे गेले. याच दोघांनी २०१४ मध्ये त्याचा पुढचा भाग मांडला: पुस्तक मिटून, आठवणीतून नकाशा काढला तर तोही तितकाच उपयोगी पडतो. फळ्यावरचा नकाशा वहीत उतरवून घेण्याने काय हाती लागते, याचे उत्तर या दोन अभ्यासांत मिळते. फारसे काही नाही. फळा पुसायचा आणि मग मुलांना काढायला सांगायचे.

शालेय गणितापुरते पाहिले तर जर्मनीच्या आस्ट्रिड ब्रिंकमान यांनी २००३ च्या सुमारास या दोन्ही प्रकारांवर लिहिले आहे. एखाद्या प्रकरणाची उजळणी, मुलांच्या कल्पनांची जुळवाजुळव, आधी काय येते याची चाचपणी यांसाठी त्या नकाशाचा आग्रह धरतात. गणिताला हे साजते, कारण गणितातले सगळे एकमेकांना बांधलेले असते. गुणाकार म्हणजे तीच संख्या पुन्हा पुन्हा मिळवणे, भागाकार म्हणजे त्याचा उलटा प्रवास, अपूर्णांक म्हणजे पुन्हा भागाकारच. पण म्हणूनच बुझान पद्धतीची एकाच खोडाची फांदी गणितात अपुरी पडते. तिथे भागाकाराची फांदी उजवीकडे जाते, अपूर्णांकाची डावीकडे, आणि त्या दोघांना जोडणारा आडवा बाण कोणी काढत नाही. खरे गणित त्या आडव्या बाणात असते.

आणि बाणावर काय लिहायचे? इथे आपल्या मुंबईतले काम उपयोगी पडते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मीना खरटमल आणि नागार्जुन जी. यांनी विज्ञानाच्या संकल्पना-नकाशांवर काम केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की बाणावर मनाला येईल तो सैल शब्द नको. 'चा भाग आहे', 'चा प्रकार आहे' अशी ठरलेली, नेमकी नाती वापरावीत. प्राथमिक गणितात हे सोपे करून घेता येते. 'च्या उलट', 'इतक्या वेळा', 'पेक्षा एकाने कमी', 'सुटे केले की', 'वाटले की' एवढी पाच-सहा नाती तिसरी-चौथीच्या मुलाला पुरतात. बाणावर यांपैकी काही लिहिता येत नसेल, तर तो बाण पुसून टाकावा.

एक उदाहरण सविस्तर घेऊ, कारण सगळी गोम उदाहरणात आहे. ५२ − २७. तिसरीतले मूल ३५ उत्तर लिहिते. वरच्या दोनातून सात जात नाहीत, मग त्याने सातातून दोन घालवले. 'हातचा घ्यायला विसरला' असे म्हणून आपण पुढे जातो आणि आणखी दहा गणिते घालतो. पण तो विसरला नाही. हातचा कुठून येतो हेच त्याला ठाऊक नाही. आता त्याच मुलाला पाटीच्या मधोमध ५२ लिहायला सांगा आणि विचारा, ५२ कसकसे सांगता येईल? एक मूल लिहील ५० + २. दुसरे लिहील ५१ आणि १. एखादी मुलगी लिहील ६० − ८. सगळेच बरोबर. पण ज्याच्या पाटीवर 'पाच दशक दोन एकक' आले आणि 'चार दशक बारा एकक' काही केल्या आले नाही, त्याचा बाण कुठे तुटला आहे ते शिक्षकाला दोन मिनिटांत दिसते. मग त्याला काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्यायच्या, एक गठ्ठा सोडायला लावायचा आणि मोजून झाले की पाटीवर तो बाण त्यालाच काढू द्यायचा. बाणावर लिहायचे: 'एक गठ्ठा सुटा केला की'. यानंतर घातलेल्या दहा गणितांना अर्थ असतो.

याच वजाबाकीवर लिपिंग मा यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात एक सबंध प्रकरण लिहिले आहे. त्यांनी चीनमधल्या ७२ आणि अमेरिकेतल्या २३ प्राथमिक शिक्षकांना विचारले, हातच्याची वजाबाकी कशी शिकवाल? पुष्कळ चिनी शिक्षकांनी सांगितले, की तिची मुळे वीसच्या आतल्या वजाबाकीत आहेत. तिथे दहा फोडायला आले तर पुढचे सगळे येते. या शिक्षकांच्या डोक्यात प्रत्येक धड्याभोवती आधीचे आणि पुढचे धडे जोडलेले होते, आणि मा यांनी ती जोडणी पुस्तकात आकृत्या काढून दाखवली आहे. त्या आकृत्या म्हणजे नकाशेच. फरक एवढाच, की ते शिक्षकाच्या डोक्यातले आहेत.

माझे मत इथे ठाम आहे: प्राथमिक गणितात पहिला नकाशा शिक्षकाने स्वतःसाठी, स्वतःच्या टाचणवहीत काढावा. घटक शिकवण्याआधी तो कशावर उभा आहे आणि पुढे कशाला आधार देणार आहे एवढे कागदावर यावे. बहुवर्ग शाळेत तर याचा दुप्पट उपयोग होतो. दुसरीची वीसच्या आतली वजाबाकी, तिसरीची हातच्याची वजाबाकी आणि चौथीचा भागाकार एकाच नकाशावर आले, की तिन्ही इयत्तांना चिंचोक्यांच्या एकाच ढिगावर वेगवेगळे काम देता येते. मोठी इयत्ता काम करत असताना धाकटी ऐकते, हा दोन शिक्षकी शाळेचा फायदा आपण फार कमी वापरतो.

मराठी संख्यानामांकडे वळतो, कारण इथे नकाशाची खरोखर गरज आहे. 'बावन्न' म्हणताना दोन आधी येतात आणि लिहिताना पाच आधी लिहायचे असतात. बालभारतीच्या मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या गणित समितीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' ही रीत जोडीला दिली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. विनोद झाले, विधिमंडळातही विषय गेला. मुलांची अडचण किती खरी आहे याबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही. पाड्यावरचे जे मूल घरी मोठ्या संख्यांची प्रमाण नावे फारशी ऐकतच नाही, त्याच्यासाठी एकोणचाळीस हा पाठ करायचा आणखी एक अवघड आवाज असतो. पाटीवर ४० लिहून त्याला 'एकाने कमी' असा बाण जोडला, शेजारी २९, ४९, ५९ यांचेही तसेच बाण काढले, की ८९ पर्यंतची सगळी 'एकोण' एका माळेत येतात. ९९ तेवढे वेगळे राहते आणि ते वेगळे आहे हे मुलेच ओरडून सांगतात.

नकाशाचे सगळ्यात मोठे काम मला बाजार आणि वही यांच्यामध्ये दिसते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस, अनालुसिया श्लीमान आणि डेव्हिड कॅराहर यांनी १९८५ मध्ये रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाड्यावर विचारलेले हिशेब या मुलांनी ९८ टक्के बरोबर केले. तीच गणिते कागदावर आकड्यांत दिली तेव्हा ३७ टक्केच बरोबर आली. पाच मुले म्हणजे फारच लहान नमुना, असे कोणी म्हणेल. पण २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४०० हून अधिक मुलांचा अभ्यास मांडला आणि निष्कर्ष तसाच निघाला. बाजारातली मुले तोंडी हिशेबात तरबेज, कागदावर अडतात. शाळेत जाणारी, बाजारात कधी न बसलेली मुले कागदावर बरी, बाजारात अडतात. दोन्ही ज्ञाने एकाच शहरात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

शहापूर-मुरबाडच्या शिक्षकाला हे वाचून नवल वाटणार नाही. नाशिक महामार्गाच्या कडेला करवंदे आणि जांभळे विकायला आईसोबत बसलेले मूल दहाला एक वाटा तर पन्नासला किती वाटे, हे न अडखळता सांगते. तेच मूल ५० ÷ १० समोर आले की थांबते. इथे नकाशाच्या मध्यभागी भागाकाराचे चिन्ह न ठेवता 'करवंदांचे वाटे' ठेवावेत. एका बाजूला: साठ करवंदे, चार वाटे करायचे, एका वाट्यात किती? दुसऱ्या बाजूला: साठ करवंदे, एका वाट्यात पंधरा ठेवायची, वाटे किती? पहिले वाटून देणे, दुसरे गट करणे. भागाकाराचे हे दोन अर्थ पुस्तकात असतात, पण शिकवताना एकमेकांत मिसळतात आणि मूल गोंधळते. दोन्ही फांद्यांच्या टोकाला मग ६० ÷ ४ आणि ६० ÷ १५ लिहायचे, आणि दोन्हींमधून एक आडवा बाण ४ × १५ कडे न्यायचा. मुरबाड तालुक्यातल्या म्हसाच्या यात्रेत बैलांचा आणि घोंगड्यांचा बाजार पाहिलेल्या मुलांना नफा-तोट्याचा नकाशा काढायला वेगळी प्रस्तावना लागत नाही.

अपूर्णांकांत तर आपल्या हाताशी खजिना आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घराघरांत रोज बोलले जातात. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे पाढे मुलांकडून घोकून घेत. घोकंपट्टीबद्दल कितीही बोलले गेले तरी त्या पिढीचा तोंडी हिशेब पक्का होता. त्रुटी इतकीच, की हे सगळे पाढे एकाच कल्पनेची रूपे आहेत हे बहुतेकांना कोणी दाखवले नाही. मधोमध 'एक' ठेवून डावीकडे पाऊण, अर्धा, पाव आणि उजवीकडे सव्वा, दीड, पावणेदोन असे मांडले आणि प्रत्येक बाणावर 'पावाने जास्त' किंवा 'पावाने कमी' लिहिले, की चौथीचे मूल १/४ + १/२ चे उत्तर आधी तोंडी सांगते. पायलीची अर्धी अधोली, पायलीचे चार शेर, ही मापेही त्यात बसतात. भात मोजणाऱ्या आजीला त्यासाठी तासभर वर्गात बोलवावे. आजीला शाळेत बसवण्याची कल्पना मुरबाडला परकी नाही; फांगणे गावात योगेंद्र बांगर या जिल्हा परिषद शिक्षकाच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठी उलटलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून अक्षरे-अंक गिरवू लागल्या.

हाताळण्याच्या वस्तू आधी आणि चित्र नंतर, हा क्रम मोडू नये. जुन्या ठाणे जिल्ह्यात हे शहाणपण तसे फार जुने आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षण उभे केले, त्यात पाने, बिया, शिंपले, खडे हीच शैक्षणिक साधने होती. आज वाड्याजवळच्या सोनाळे इथून नीलेश निमकर यांची 'क्वेस्ट' संस्था याच पट्ट्यातल्या मुलांच्या भाषा-गणितावर काम करते आहे. पहिली-दुसरीला कागदावरचा नकाशा देऊच नये असे मला वाटते. तिथे फरशीवर खडूने गोल आखून त्यात चिंचोके ठेवायचे, दोरीने गोल जोडायचे आणि मुलाला दोरीचा अर्थ तोंडी सांगायला लावायचा. लिहिलेले शब्द तिसरीत आले तरी चालतात. घरची बोली वापरू द्यावी, दोरीचा अर्थ ठाकरी किंवा कातकरी बोलीत सांगितला तरी तो अर्थ पूर्णच असतो.

नकाशाने काय होत नाही, तेही स्पष्ट असावे. पाढे पाठ होत नाहीत. त्यांना म्हणणेच लागते. उभ्या मांडणीची सफाई येत नाही. तिला सराव लागतो. शाब्दिक उदाहरण वाचता येत नसेल, तर ती अडचण वाचनाची आहे. आणि तासाभरात सात रंगांत नटवलेला नकाशा हा बहुधा चित्रकलेचा तास झालेला असतो. महागडे अ‍ॅप तर अजिबात नको. पाटी, खडू, फरशी पुरे. बालभारतीने २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने जोडली होती. मुलाच्या स्वतःच्या नकाशासाठी ती चांगली जागा होती, पण ती तशी वापरली जाण्याआधीच २०२५ मध्ये काढण्यात आली. हिशेबाच्या वहीचे शेवटचे पान त्यासाठी राखून ठेवता येते. एका घटकाला एक पान: घटक सुरू होताना एका रंगाने, संपल्यावर पुस्तक मिटून दुसऱ्या रंगाने. कोणता बाण नंतर आला ते पालकालाही दिसते, आणि आकारिक मूल्यमापनाची नोंद वेगळी लिहावी लागत नाही.

उरतो स्थलांतराचा प्रश्न. या दोन तालुक्यांत माझ्या लेखी तो सगळ्यात महत्त्वाचा. भट्टीवरच्या मुलांसाठी १९९० च्या दशकात 'विधायक संसद' या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगा शाळा चालवल्या. पुढे हंगामी वसतिगृहे आली, आणि मुलाने दुसऱ्या गावच्या शाळेत बसावे म्हणून शिक्षण हमी पत्रक आले. पत्रकावर मुलाचे नाव, इयत्ता, शाळा असते आणि प्रगतीच्या काही नोंदी असतात. भिवंडीकडच्या कुठल्याशा शाळेतल्या शिक्षकासमोर जानेवारीत हे मूल उभे राहते, तेव्हा 'तिसरी, गणित, श्रेणी क' एवढ्यावरून त्याला काहीच उमगत नाही. मग मूल मागच्या बाकावर बसते आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत आल्यावर इथेही त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पत्रकासोबत मुलाने स्वतः काढलेल्या दोन नकाशांची पाने जोडावीत. एक संख्येचा, त्यात दशक सुटे करण्याचा बाण आहे की नाही ते दिसेल. दुसरा वाटे करण्याचा, त्यात गुणाकार-भागाकाराचा आडवा बाण कुठवर आला ते दिसेल. खाली शिक्षकाने एकच ओळ लिहावी: इथून पुढे शिकवा. कुटुंब निघण्याच्या आधीच्या आठवड्यात, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, हे काम अर्ध्या तासात होते. केंद्रप्रमुखांनी ऑक्टोबरच्या शिक्षण परिषदेत त्यासाठी वेळ काढला आणि भट्टी असलेल्या केंद्रातल्या शिक्षकांना त्याच नकाशात पुढचे बाण वेगळ्या रंगाने वाढवायला सांगितले, तर मे महिन्यात मूल पाड्यावर परत येईल तेव्हा त्याच पानावर दोन शाळांतले काम असेल आणि त्याच्या शिक्षकाला जूनमध्ये कुठून सुरू करायचे ते माहीत असेल.